गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

चाचणीचे गुण संगणकात भरताना एक अडचण बहुतेक शिक्षकांनी अनुभवली असेल. वर्गात चाळीस मुले आहेत, एक गैरहजर आहे. वहीत आपण त्याच्या नावापुढे ‘गै’ लिहितो आणि सरासरी काढताना एकोणचाळीसनेच भागतो. हे कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र ते सांगावे लागते. न सांगितल्यास तो काय करील हे प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहिला आहे यावर अवलंबून असते, आणि नेमके येथेच काही भाषांच्या रचनेशी माझे भांडण आहे.

लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली पर्ल ही भाषा घ्या. तिला ‘गै’ मध्ये ४० मिळवायला सांगितले तर उत्तर ४० येते. ज्या मजकुराच्या सुरुवातीला अंक नाही, त्याला बेरजेत ती शून्य मानते. इशारा देण्याची सोय तिच्यात आहे, पण ती आपण सुरू केलेली असेल तरच. गंमत पुढेच आहे. देवनागरीत लिहिलेल्या ‘८५’ मध्ये ५ मिळवायला सांगा, उत्तर येते फक्त ५! बेरजेच्या वेळी तिला इंग्रजी अंकच कळतात. मात्र यूनिकोड मजकुरातून अंक शोधून काढायला सांगितले, की हीच पर्ल ८ आणि ५ हे अंक आहेत असे खुशाल सांगते. पायथॉन भाषा हेच ‘८५’ पूर्णांकात बिनचूक बदलते आणि ‘गै’ दिले तर सरळ नकार देते.

पर्लच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तिच्यात बेरजेचे चिन्ह वेगळे आणि मजकूर जोडण्याचे वेगळे, म्हणून आपला हेतू तरी स्पष्ट असतो. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही कामांना एकच चिन्ह. तेथे मजकूररूपी पाचात तीन मिळवले तर त्रेपन्न होतात आणि त्याच पाचातून तीन वजा केले तर दोन उरतात. विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर आपण काय केले असते?

एका प्रकारची किंमत दुसऱ्या प्रकारात अशी बदलणे याला आपण ‘रूपांतर’ म्हणू. अमुक जागी अमुकच प्रकारची किंमत बसेल, या बंधनाला ‘प्रकाराची अट’ म्हणू. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत विद्यार्थी हा एक ऑब्जेक्ट आणि नाव, हजेरी क्रमांक, गुण ही त्याची अंगे. प्रत्येक अंगाला अट घालता येते. स्टीव्हन लिटल यांनी २००६ साली पर्लसाठी तयार केलेल्या ‘मूस’ या प्रणालीत हे फार चांगले साधले आहे, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहू.

मूसमध्ये ‘० ते १०० मधला पूर्णांक’ असा आपला स्वतःचा प्रकार बनवता येतो. गुणांच्या जागी ‘गै’ आले की प्रोग्रॅम तक्रार करून थांबतो. देवनागरी ‘८५’ सुद्धा अडवले जाते. मग ‘मजकूर आल्यास त्यातले देवनागरी अंक बदलून घे’ असा रूपांतराचा नियम आपण लिहायचा. नुसता नियम लिहूनही भागत नाही. ज्या अंगासाठी तो वापरायचा तेथे तशी परवानगी निराळी द्यावी लागते. या दुहेरी संमतीचे मला कौतुक वाटते. मूळ पर्ल न विचारता जे करते ते मूस विचारून करते.

पण हाच नियम लिहिताना एखादा आळशी माणूस ‘गै आल्यास शून्य घे’ असेही लिहील. शून्य हा ० ते १०० मधला पूर्णांकच आहे, अट पूर्ण होते, मूस समाधानी आणि मुलगा नापास. अट किमतीचे रूप तपासते, खरेपणा नाही. ‘८५’ चे रूपांतर हे एकाच संख्येचे लिपी बदलून लेखन आहे. ‘गै’चे शून्य करणे ही बनावट नोंद आहे. खरे तर येथे प्रकारच चुकीचा निवडला गेला. ‘पूर्णांक किंवा काहीच नाही’ असा प्रकार मूसमध्ये तयार मिळतो, तो घ्यायला हवा होता.

मूसचे दोषही आहेत. प्रकारांची नावे संपूर्ण प्रोग्रॅमभर सामाईक असतात. ‘पूर्णांक’ या मूळ प्रकारालाच एकाने रूपांतराचा नियम जोडला, तर परवानगी दिलेल्या प्रत्येक ठिकाणी तो लागू होतो, मग तो भाग दुसऱ्याने लिहिलेला का असेना. मूळ प्रकारांना हात लावू नका असे मूसचे मार्गदर्शनच सांगते, पण तशी सक्ती नाही. शिवाय तपासणी फक्त दारावर असते. पूर्णांकांची यादी एकदा आत गेली की नंतर तिच्यात कोणी ‘गै’ घुसवले तर मूसला पत्ता लागत नाही.

अशी चूक मी स्वतः केली आहे. तापमानाच्या नोंदींत उपकरण बंद असलेल्या दिवशी आडवी रेघ होती. माझ्या प्रोग्रॅमने तिचे शून्य केले. मे महिन्यात आलेख शून्याला टेकलेला पाहून चूक लगेच सापडली. नोंदी हिमालयातल्या जानेवारीच्या असत्या तर सापडली असती का, शंकाच आहे.

तर मग रूपांतरावर कडक बंदी घालावी का? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघालेले एरियान-५ यान सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याचे सॉफ्टवेअर एडा या अतिशय काटेकोर भाषेत होते. ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच्या जागेत, बसेना. एडाने चूक पकडली, लपवली नाही. पण पकडल्यावर काय करायचे याचा विचार त्या जागी केलेला नव्हता. संगणक बंद पडला, आणि त्याचा जोडीदारही त्याच सॉफ्टवेअरवर चालत असल्याने त्याच कारणाने आधीच बंद पडला होता. ज्या गणितात ही चूक झाली त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती! काटेकोरपणाने अर्धेच काम झाले होते.

उलट टोकाचे उदाहरण एक्सेलचे. ‘सेप्ट-२’ या जनुकाचे इंग्रजी संक्षिप्त नाव भरले की एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करी. हा घोटाळा २००४ साली शोधनिबंधातून दाखवला गेला. २०१६ च्या पाहणीत, एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या जनुकशास्त्रीय निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलली. स्वयंचलित रूपांतर बंद करण्याचे बटण एक्सेलमध्ये आले ते २०२३ साली.

ते बटण तुमच्या शाळेतल्या जुन्या आवृत्तीत बहुधा नसेल. तेव्हा हजेरी क्रमांक ‘००७’ भरण्याआधी तो रकाना मजकुराचा म्हणून ठरवून घ्या. हजेरी क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही, मग त्यांना संख्या तरी का म्हणावे?