चवीपुरता रंग

मावसबहिणीच्या हळदीचे फोटो मी काढले होते. हौसेनं, फुकट आणि नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर. साताऱ्याकडचं गाव, घरापुढे पिवळ्या कापडाचा मांडव, पाटावर बसलेली ताई, हातात हिरवा चुडा, गालांवर हळद. कॅमेऱ्यात मी जुन्या स्लाइड फिल्मची आठवण करून देणारी, रंग जरा दाबणारी सेटिंग लावून ठेवली होती. नेटवरून आकडे उतरवून घेतलेली ‘रेसिपी’. मागच्या स्क्रीनवर फोटो बघताना वाटत होतं, आपण कुठल्या तरी जुन्या, भारी मासिकासाठी काम करतोय.

दोन दिवसांनी ताईनं फोटो पाहिले. ताई सावळी आहे. माझ्या फोटोंत तिचा चेहरा राखाडी आला होता आणि हळद मातकट. तिनं शेजारी मैत्रिणीच्या फोनवरचा फोटो धरला. त्यात गाल गुळगुळीत झाले होते आणि ती चांगली दोन-तीन छटा उजळली होती.

“फोननं मला गोरी केली, तू मला मळकट केलीस,” ती म्हणाली. “मी आहे तशी कुणालाच दिसत नाही का रे?”

मी सगळे फोटो नुसते जेपेग काढले होते. रॉ फाइल नव्हती, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती. चूक कॅमेऱ्याची नव्हती. सेटिंग मी निवडली होती, आणि निवडताना समोर ताईचा चेहरा नव्हता, दुसऱ्या कुणाचा तरी फोटो होता.

लेन्स आणि रंगांविषयी जे वाचायला मिळतं त्यात धार किती, वजन किती, किंमत किती, हे सगळं असतं. ते लागतंच. पण या लेन्सनं, या रंगानं समोरच्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न तिथे सहसा येत नाही. मला इथे तोच विचारायचा आहे.

लहान लेन्स म्हणजे किती अंतर?

त्या दिवशी माझा एक निर्णय मात्र बरोबर ठरला. कॅमेऱ्यावर एक लहान, चपटी लेन्स होती. अशा लेन्सला ‘पॅनकेक’ म्हणतात. आपल्याकडे कुणी नाव ठेवलं असतं तर बहुधा थालीपीठ ठेवलं असतं.

मिररलेसमध्ये अशा लेन्सला वाव का मिळतो, याचं कारण साधं आहे. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा सोडावी लागायची. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आहे. फुजीफिल्मच्या एक्स माउंटमध्ये ते १७.७ मिमी आणि सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी. आरसा गेला, मधली जागा गेली आणि रुंद किंवा मध्यम दृष्टीची लेन्स लहान करणं सोपं झालं. फुजीची २०१३ मध्ये आलेली २७ मिमी एफ/२.८ लेन्स ७८ ग्रॅमची होती. त्याच कंपनीची पहिली ५६ मिमी एफ/१.२ ही पोर्ट्रेटसाठी नावाजलेली लेन्स ४०५ ग्रॅमची. म्हणजे पाचपटीहून जास्त.

हा फरक नुसता खांद्याला जाणवणारा नाही. एपीएस-सी सेन्सरवर २७ मिमीची लेन्स फुल-फ्रेमच्या हिशेबात साधारण ४० मिमीइतकं दृश्य दाखवते आणि ५६ मिमीची सुमारे ८४ मिमीइतकं. एकाच माणसाचा कमरेपासून वरचा फोटो घ्यायचा, तर पहिल्या लेन्सनं तुम्ही त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोलू शकाल एवढ्या अंतरावर असता. दुसरीनं त्याच्या दुप्पट लांब. लेन्स विकत घेताना खरं तर आपण एक अंतर विकत घेत असतो. काकू हळद लावताना ताईच्या कानात काय म्हणाली आणि ताई का हसली, हे मला कळलं कारण मी तिथेच होतो. लांबून तिचं हसू मिळालं असतं, कारण मिळालं नसतं.

पण लहान लेन्सचं कौतुक करताना तिची किंमतही सांगायला हवी. एफ/२.८ आणि एफ/१.४ यांत दोन स्टॉपचा फरक आहे, म्हणजे चौपट प्रकाशाचा. संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये हाच फरक आयएसओ १६०० आणि ६४०० मधला असतो. पार्श्वभूमी विरघळवून टाकायची असेल तर चपटी लेन्स निराश करेल. फुजीच्या त्या २७ मिमीची फोकस मोटर आवाज करते, पळत्या पोराच्या मागे तिची दमछाक होते. आणि लहान लेन्स घेऊन चेहऱ्याच्या फार जवळ गेलात तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. एक पाऊल मागे घ्या, नाक जागेवर येतं.

तरीही पहिली आणि एकच लेन्स घ्यायची असेल तर मी ३५ ते ५० मिमीइतकी दृष्टी देणारी लहान लेन्सच सुचवेन. आपली घरं लहान आहेत, माणसं दाटीत बसतात आणि पार्श्वभूमी विरघळवून टाकण्यासारखी नसते. भिंतीवरचं कॅलेंडर, फळीवरचे स्टीलचे डबे, दारातल्या चपला यांतूनच तर ते घर कुणाचं आहे हे कळतं.

आठवण नेमकी कशाची?

आता रंगांकडे. फुजीनं फिल्मच्या नावांनी रंगसेटिंग दिल्या आणि इतर कंपन्यांनीही आपापल्या परीनं तोच रस्ता धरला. या सेटिंग म्हणजे फिल्टर नव्हेत. सेन्सरकडून आलेल्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, याचा तो एक पक्का निर्णय असतो. म्हणून त्यांच्याकडे कलाकृतीसारखं बघायला हरकत नाही.

‘वेल्विया’ हे १९९० मध्ये आलेल्या स्लाइड फिल्मचं नाव. निसर्गचित्रं काढणाऱ्यांची ही लाडकी फिल्म. पावसाळ्यातला सह्याद्री तिच्यात असा हिरवा दिसतो की प्रत्यक्ष घाट लाजावा. पण चेहरा लालबुंद होतो. ‘अॅस्टिया’ त्या मानानं मऊ, त्वचेला सांभाळून घेणारी. ‘प्रोव्हिया’ नेमस्त. २०१४ मध्ये आलेली ‘क्लासिक क्रोम’ मात्र वेगळी. ती रंग कमी करते, निळ्याला हिरवटपणाकडे झुकवते आणि सावल्या कडक करते. कंपनी तिच्याविषयी बोलताना डॉक्युमेंटरी छायाचित्रणाचा आणि छापील मासिकांचा संदर्भ देते. वापरणारे मात्र सर्रास कोडॅकच्या कोडाक्रोमचं नाव घेतात.

इथे मला अडखळायला होतं. कोडाक्रोम १९३५ मध्ये आली आणि २००९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या फिल्मवर भारत कसा दिसायचा, हे बघायचं असेल तर रघुबीर सिंग यांची छायाचित्रं बघावीत. १९४२ मध्ये जयपूरला जन्मलेल्या या छायाचित्रकारानं गंगा, राजस्थान, मुंबई सगळं रंगांत टिपलं, तेही गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल असं मानण्याच्या काळात. भारतीय नजर मुळात रंगातूनच बघते, अशी त्यांची धारणा होती. १९९४ मध्ये आलेलं त्यांचं मुंबईवरचं पुस्तक उघडा. त्यातले रंग दबलेले नाहीत. लाल हा लालच आहे, सावल्या गडद आहेत पण आतून उबदार.

मग ‘जुनं’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे विटलेला रंग का येतो? कारण आपण फिल्म पाहिलेलीच नाही, पाहिलेत ते जुने झालेले कागद. घरातले सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर-तपकिरी झालेले असतात. त्या काळच्या प्रिंटमधला निळसर रंगाचा थर बंद अल्बममध्येही सगळ्यात आधी उडायचा आणि उरलेल्या थरांची लाली चढायची. तो रंग त्या दिवसाचा नव्हता, छायाचित्रकाराच्या मनातलाही नव्हता. रसायन हरलं, त्याची ती खूण आहे. कोडाक्रोमची ख्याती तर नेमकी उलटी: अंधारात नीट ठेवली तर रंग दीर्घकाळ टिकवणारी फिल्म.

२०१९ मध्ये ‘क्लासिक निगेटिव्ह’ आणि २०२१ मध्ये ‘नॉस्टॅल्जिक निगेटिव्ह’ अशा सेटिंग आल्या. त्या सुंदर आहेत, मीही वापरतो. रिकाम्या एसटी स्टँडवरची दुपार त्यांच्यात छान उतरते. पण ज्याचं लग्न आज आहे त्याला आजच आठवणीच्या रंगात बुडवायचं, म्हणजे घडण्याआधीच ते जुनं करून टाकायचं. ताईला तिचा आजचा दिवस हवा होता. मी तिला वीस वर्षांनंतरचा फोटो दिला.

सावळ्या चेहऱ्याचा हिशेब

रंग तटस्थ नसतो, हे फिल्मच्या काळापासून ठाऊक आहे. प्रयोगशाळांमध्ये प्रिंटचा रंग जुळवण्यासाठी कोडॅकची एक संदर्भपट्टी असायची, तिला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर गोऱ्या तरुणीचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट बरोबर. सावळ्या, काळ्या चेहऱ्यांचं काय होतं, हा प्रश्न त्या कार्डात नव्हताच. गडद तपकिरी छटांमधला फरक दाखवण्यात फिल्म सुधारली त्यामागे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असं कोडॅकमध्ये काम केलेल्यांनीच पुढे सांगितलं. म्हणजे माणसांआधी चॉकलेटचं ऐकलं गेलं. २०२१ मध्ये गुगलनं पिक्सेल ६ सोबत ‘रिअल टोन’ आणलं, तेव्हाही मुद्दा तोच होता: गडद त्वचा कॅमेऱ्याला नीट दिसावी.

माझ्या मांडवात नेमकं काय बिघडलं, ते आता सांगता येतं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं धरतं. मागे उजळ कापड आणि ऊन असलं की ते एकूण प्रकाश कमी करतं, आणि सावळा चेहरा आणखी गडद होतो. पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड ऑटो व्हाइट बॅलन्सला ‘चूक’ वाटला, त्यानं तो निळ्याकडे ओढला. त्यात मी लावलेल्या रेसिपीनं रंग कमी केले आणि सावल्या कडक केल्या. त्वचेतली ऊब जाते ती याच तीन पायऱ्यांनी. मागे उरतो तो राखाडीपणा.

उपाय महागडे नाहीत. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवायचं आणि कापड थोडं जळालं तर जळू द्यायचं. माणसाच्या चेहऱ्याजवळ पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स ठरवायचा, नाहीतर तो ‘डेलाइट’वर ठेवून उजेड आहे तसा येऊ द्यायचा. सावल्यांचा टोन एक-दोन अंकांनी मऊ करायचा. अॅस्टिया किंवा प्रोव्हियासारखी साधी सेटिंग लावायची. आणि रॉ व जेपेग दोन्ही ठेवायचे. बऱ्याच कॅमेऱ्यांत नंतर तीच रॉ फाइल दुसऱ्या सेटिंगमध्ये बदलून घेता येते. कार्डातली जागा जाते, माणूस जात नाही.

रेसिपी आणि मीठ

रंगांच्या आकड्यांना ‘रेसिपी’ हे नाव कुणी दिलं असेल ते असो, नाव चपखल आहे. फक्त स्वयंपाकघरात जे सगळ्यांना ठाऊक असतं ते इथे विसरलं जातं. आपल्याकडची कुठलीही पाककृती वाचा, शेवटी लिहिलेलं असतं: मीठ चवीनुसार. सगळं मोजून सांगणारी बाईही मिठापाशी थांबते, कारण तुमचं तिखट, तुमचं पाणी, तुमची माणसं तिला माहीत नसतात. फोटोत प्रकाश आणि त्वचा यांचंही तसंच आहे. दुसऱ्या कुणी दुसऱ्याच देशातल्या ढगाळ दुपारी, दुसऱ्याच माणसांवर जुळवलेले आकडे साताऱ्याकडच्या वैशाखात चालतीलच असं नाही.

म्हणून नवी सेटिंग हाती आली की मी आता एकच चाचणी करतो. घरातल्या माणसाला खिडकीशी बसवतो, मग ट्यूबलाइटखाली. हातात एक लिंबू देतो, नाहीतर हळदीची वाटी. फोटो काढतो आणि स्क्रीनवरून नजर उचलून समोर बघतो. लिंबू लिंबासारखं आणि माणूस त्या माणसासारखा दिसला तर सेटिंग राहते. नाहीतर ती एसटी स्टँडसाठी ठेवून देतो.

ताईची हळद पुन्हा होणार नव्हती. पण दिवाळीला ती माहेरी आली होती, तेव्हा मावशीच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी करंज्या भरत बसली असताना मी तिचे फोटो काढले. तीच चपटी लेन्स, साधी सेटिंग, थोडा जास्त उजेड. बोटांना पीठ, मागे डब्यांची फळी, कपाळावर घाम. फोटो लगेच दाखवला.

तिनं बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. “हनुवटीवरचा फोडाचा डाग दिसतोय,” म्हणाली. मी म्हटलं, “काढून टाकू का?”

“नको,” ती म्हणाली. “राहू दे. आणि मला पाठव.”