पत्रिका जुळवताना : जुन्या घाटाचे स्पीकर आणि ‘उबदार’ आवाज

‘जुना, उबदार आवाज’ हा शब्दप्रयोग मी वीस वर्षे बेधडक वापरला. आपल्या संगीताला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायरच न्याय देतो, असेही एका लेखात लिहून गेलो. ते विधान आज मागे घ्यायचे आहे, आणि का घ्यायचे तेही सांगायचे आहे.

निमित्त आहे जुन्या घाटाच्या स्पीकरांचे. जेबीएलने २०१८मध्ये ‘एल-१०० क्लासिक’ आणला. मूळ एल-१०० १९७०चा. वॉर्फडेलने २०१९मध्ये ‘लिंटन हेरिटेज’ काढला. मूळ लिंटन १९६५चा. केएलएचचा ‘मॉडेल फाइव्ह’ २०२१मध्ये परतला, मूळ १९६८चा. तिन्हींची छाती रुंद, अंगावर लाकडाचा पातळ पापुद्रा, पुढे कापडाची किंवा फोमची जाळी, खाली बुटके स्टँड. दिवाणखान्यात ठेवले की घरात एखादे वडीलधारे माणूस येऊन बसल्यासारखे वाटते.

पण घाट जुना म्हणून आवाज जुना ठरत नाही. नव्या लिंटनच्या वूफरचा पडदा विणलेल्या केवलारचा आहे. हा धागा ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती लागला तोच मुळी १९६५च्या सुमारास. तेव्हा पहिल्या लिंटनमध्ये तो असण्याचा प्रश्नच नाही. एल-१००चा बारा इंची कागदी वूफर परंपरेला धरून आहे. मॉडेल फाइव्हने जपले आहे ते मात्र बाह्यरूपापलीकडचे, एक तत्त्व : हवाबंद पेटी. १९५४च्या सुमारास अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवले आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. त्यांचे सहकारी हेन्री क्लॉस यांनी १९५७मध्ये इतर दोघांसह केएलएच स्थापन केली. या नावातला ‘एच’ म्हणजे हॉफमन. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी पदरात पडतात. तिसरीची किंमत अ‍ॅम्प्लिफायरला मोजावी लागते.

इथून सोयरिकीचा प्रश्न सुरू होतो. माहितीपत्रकातला ‘९० डेसिबल’ हा आकडा पाहून आपण गुण जुळले असे समजतो. हा आकडा बहुधा २.८३ व्होल्ट देऊन, एक मीटरवर मोजलेला असतो. तेवढा दाब आठ ओहमच्या स्पीकरला दिला तर एक वॅट खर्च होतो, चार ओहमच्या स्पीकरला दिला तर दोन. म्हणजे चार ओहमचा ९० डेसिबल वॅटच्या हिशेबात ८७च. आठ-दहा वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवर स्पीकर लावणाऱ्याला हा फरक लहान नाही. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती.

दुसरा गुण बहुतेक जण पाहतच नाहीत. स्पीकरचा ‘सहा ओहम’ हा नाममात्र आकडा. प्रत्यक्षात रोध स्वरागणिक बदलतो. एखाद्या ठिकाणी साडेतीन, तर खर्जाच्या अनुनादाशी वीसच्या वर. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध सहसा नगण्य असतो, म्हणून या चढउताराचे त्याला सोयरसुतक नसते. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरांत तो दोन ओहमपर्यंत असतो. मग साडेतीन ओहमच्या जागी स्पीकरला ६४ टक्के दाब मिळतो, वीस ओहमच्या जागी ९१ टक्के. फरक सुमारे तीन डेसिबलचा. अनुनादाचा पट्टा नेमका तेवढा फुगतो. त्या फुगवट्याला आपण ‘ऊब’ म्हणतो.

हे गणित मला माहीत होते. पटले नव्हते.

एका तबलजी मित्राचा अर्धा तास तीनताल मी माझ्याच खोलीत ध्वनिमुद्रित केला होता. तो बंद पेटीच्या जोडीवर, माझ्या लाडक्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवरून त्याला ऐकवला. कौतुकाची वाट पाहत होतो. तो म्हणाला, “डग्गा छान वाजतोय रे. पण हा माझा डग्गा नाही.” घिस्सा संपल्यावरही घुमारा रेंगाळत होता, त्याच्या हाताखाली तो तसा रेंगाळत नाही. शेवटी त्याने तिथेच तबला मांडून वाजवून दाखवला. वाद संपला.

पुढच्या रविवारी एक साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला. डग्गा आवरला गेला. मग त्याच्या तारेत दोन ओहमचा रोध घातला, व्होल्टमीटर लावून दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांची पातळी सारखी केली आणि मुलीला पडद्याआड अदलाबदल करायला बसवले. वीसपैकी अकरा वेळा मी बरोबर ओळखले. नाणे उडवले असते तरी साधारण एवढेच जमले असते. वीस वर्षांचे माझे ‘सत्य’ काही रुपयांच्या रोधात सापडले.

याचा अर्थ व्हॉल्व्ह टाकाऊ असा नाही. काळी एकच्या पट्टीत तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर बोलतो. लहान खोलीत, हलक्या आवाजात, त्याला जरा भरीवपणा आला तर ऐकायला गोड लागते. ती आवड आहे आणि आवड असण्यात काही गैर नाही. गैर आहे ते आवडीला सत्य म्हणणे, विशेषतः समीक्षकाने.

म्हणून माझा कौल असा. मॉडेल फाइव्हला दणकट, कमी अंतर्गत रोधाचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर द्यावा. बंद पेटीचा आवरलेला खर्ज हेच त्याचे धन आहे. चार ओहमच्या एल-१००लाही तोच. त्याचा रोखठोक बाज मैफलीच्या ध्वनिमुद्रणांना शोभतो, मात्र लहान खोलीत तो अंगावर येतो. लिंटन सोशिक आहे. चांगल्या, चार ओहमचा टॅप असलेल्या तीस-चाळीस वॅटच्या व्हॉल्व्हशीही त्याचा संसार सुखाचा होतो.

आणि कुठलीही जोडी घेण्यापूर्वी ओळखीच्या माणसाचे वाजवणे किंवा गाणे ध्वनिमुद्रित करून, त्यालाच शेजारी बसवून ऐकावे. माझा व्हॉल्व्ह अजून फडताळावर आहे. रात्री उशिरा लावतोही. फक्त तो तबलजी मित्र आला की बंद ठेवतो.