शंकेला जागा देणारी भक्ती

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील राशोल येथे १६१६ साली छापले गेले. त्याचा गौरव बहुधा त्यातील मराठीच्या स्तुतीसाठी होतो. आमच्या मते त्याचे सामर्थ्य रचनेत आहे. जुनी पुराणे सोडलेला साष्टीचा एक ब्राह्मण पाद्रीगुरूंकडे नवे पुराण मागतो, आणि त्या मागणीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहतो. पुढेही श्रोते शंका विचारतात. उत्तराचा अधिकार मात्र गुरूकडेच राहतो, ही त्याची मर्यादा होय.

ही कसोटी आपल्या भक्तीस लावून पाहावी. हैदराबादसारख्या बहुभाषी नगरात तेलुगू, तमिळ वा इंग्रजी उपासनेत बसणाऱ्या मराठी कुटुंबाला जपमाळ परभाषेतही पाठ होईल. शंका मात्र मातृभाषेतच सुचते. लोकभक्ती उपासनाविधीशी सुसंगत असावी व तिने लोकांना त्याकडे न्यावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले. केवळ पाठांतराने ती वाट सापडत नाही.

शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती धर्मशिक्षकांनी अवश्य हाती घ्यावी. नोव्हेनानंतर तिच्यातील चार ओव्या वाचाव्यात आणि मग स्वतः गप्प राहून श्रोत्यांना बोलू द्यावे.