तिसऱ्या घंटेनंतर

ठाण्याच्या तलावपाळीवरच्या झगझगाटातून गडकरी रंगायतनमध्ये तिसऱ्या घंटेनंतर शिरलं की पहिली दोन मिनिटं फजितीची. मी एकदा एका आजींच्या पायावर पाय दिलाय. मग हळूहळू खुर्च्यांच्या कडा उमटतात, पुढच्या रांगेतला गजरा दिसू लागतो.

या अंधारातला खरा नट रेटिनल. ‘अ’ जीवनसत्त्वापासून होणारा, शेपटीसारखा लांबट रेणू. डोळ्यातल्या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन असतं: ३४८ मण्यांची माळ, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार ओवलेली. तिच्या २९६व्या मण्याला रेटिनल चिकटलेला, अकराव्या कार्बनपाशी गुडघा मुडपून. प्रकाशाचा एक कण येतो, गुडघा सरळ होतो. करामत एवढीच. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एकाच्या पाचव्या हिश्श्यात. त्या धक्क्याने माळेचा सहावा पीळ बाहेर झुकतो, शेजारचं प्रथिन तिथे येऊन बिलगतं आणि निरोप निघतो.

पण मी दाद देतो ती त्याच्या बसण्याला. अंगाच्या उबेने गुडघा आपसूक सुटायला हवा ना? तर नाही. प्रथिनाच्या कुशीत एकेक रेणू शेकडो वर्षं न हलता बसेल, इतकी ती बैठक पक्की.

सरळ झालेला रेटिनल मात्र जागच्या जागी मुडपत नाही. प्रथिनापासून सुटून तो शेजारच्या पेशींत जातो, तिथे वाकवला जातो आणि मग परततो. पुरती भरपाई व्हायला अर्धा तास लागतो. माझ्या त्या फजितीत या फेऱ्यात अडकलेल्या रेणूंचाही हात. दृष्टीचं हे रसायन उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७चं नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेनेही ही युक्ती उचलली. अ‍ॅझोबेंझीन हा रंगांच्या घराण्यातला रेणू अतिनील किरणांत वाकतो, दृश्य प्रकाशात सरळ होतो. २००४ मध्ये त्याच्या टोकाला बूच लावून तो पोटॅशियमच्या वाहिनीवर बांधला: सरळ असताना बूच भोकात, वाकला की बाहेर. मजा म्हणजे याला परतायला फेरा नको, दुसऱ्या रंगाचा दिवा पुरतो. सोय मोठी; पण रेटिनलची ती निवांत बैठक याच्यात नाही. वाकलेला अ‍ॅझोबेंझीन अंधारातही आपणच सरळ होत जातो.

लाल उजेड ऱ्होडॉप्सिनला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून एका नाट्यगृहात डोअरकीपरला म्हटलं, “टॉर्चला लाल जिलेटिन लावा, लोकांचे डोळे दिपणार नाहीत.” तो कुजबुजला, “साहेब, पडदा उघडलाय. बसा आधी.”