ताठर स्नायू आणि अवरक्त प्रकाश

पक्षाघातानंतर अनेक रुग्णांचा हात कोपरात वाकून ताठ होतो. स्नायूंवर अवरक्त प्रकाश टाकला की ते सैल पडतात, असा दावा केला जातो. तो तपासून पाहू.

दावा अगदीच निराधार नाही. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांना लेसर टाकलेल्या उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर केस लवकर उगवलेले दिसले. पेशींच्या श्वसनातील एक विकर असा प्रकाश शोषते, हेही ठाऊक आहे. परंतु येथे मूळ बिघाड स्नायूत नसतो. मेंदूचा लगाम सुटल्याने मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया अनावर होते. दिवा मात्र दंडावर धरला जातो!

दुसरी अडचण मोजमापाची. ताठरपणा बहुधा तपासनीस रुग्णाचा हात हलवून, अंदाजाने, 'ॲशवर्थ' श्रेणीत ० ते ४ असा ठरवतो. उपचार झाल्याचे त्याला ठाऊक असेल, तर हात सैल भासू शकतो. उपाय सोपा आहे. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. म्हणून निम्म्या रुग्णांवर बंद दिवा धरावा आणि कोणावर कोणता, हे रुग्ण व तपासनीस दोघांपासून लपवावे.

ही कसोटी कठोर आहे. पक्षाघात होताच डोक्यावर अवरक्त लेसर टाकण्याचा प्रयोग २००७ मध्ये १२० रुग्णांत आशादायक ठरला. पुढची मोठी चाचणी मात्र २०१२ मध्ये, फायदा दिसेना म्हणून थांबवावी लागली.

तेव्हा दिव्यापायी व्यायाम सोडू नये. 'बरे वाटले' आणि 'बरे झाले' यांतील फरक विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण कोणते?