देवघेवीच्या खिडकीमागचा माणूस

करोनाच्या महामारीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. डॉक्टर, परिचारिका, पायी गावी निघालेले मजूर यांची दुःखे त्यात उमटली, ते योग्यच झाले. वाचनालयाचा कर्मचारी मात्र त्यात आम्हांस क्वचितच भेटला. ज्याच्या हातून आपण पुस्तक घेतो त्याचाच पुस्तकांना विसर पडावा, हे खटकते.

आल्बेर काम्यूच्या ‘द प्लेग’ (१९४७) या कादंबरीत ग्राँ नावाचा नगरपालिकेतील कारकून आहे. दिवसा कचेरी, मग साथीच्या नोंदी, आणि घरी एकाच वाक्याची घासपूस. नायक हवाच असेल तर तो हाच, असे निवेदक म्हणतो.

आमच्या ग्रंथालयसेवकाजवळ सांगण्यासारखे काय थोडे आहे? मार्च २०२० मध्ये बंद झालेली महाराष्ट्रातील वाचनालये उघडण्यास १५ ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली. मधला अख्खा पावसाळा! बंद कपाटांत ओल आणि बुरशी. घरी मुलांची शाळा एकाच मोबाइलवर, आणि अनुदानावर अवलंबून असलेले तुटपुंजे वेतन. पुढे परत आलेली पुस्तके काही दिवस बाजूला ठेवायची. अमेरिकेतील एका चाचणीत एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर सहा दिवसांनंतरही विषाणूचा अंश आढळला होता. असा गठ्ठा हाताळून घरी आल्यावर लेकराला जवळ घ्यावे की नाही? ग्रंथ वापरण्यासाठीच असतात, हे डॉ. रंगनाथन यांचे १९३१ मधील पहिले सूत्र. येथे तर ग्रंथाचेच भय!

हे लिहिताना ग्रंथमहिमा गाण्याचा मोह होईल. तो लेखकाने आवरावा. आम्हांस तारखा हव्यात, परत आलेल्या पुस्तकांचे आकडे हवेत, आणि त्याच पानावर त्या दिवशी घरी काय शिजले तेही.