वही कोणाच्या हाती?

दिवाळीचा खर्च ज्या क्रमाने घरोघर होतो, त्या क्रमात दिवाळी अंकाचा नंबर बराच खाली असतो. आधी वाणसामान, मग मुलांचे कपडे, मग तेल-उटणे, आकाशकंदील, फटाके, कामाच्या माणसांची पोस्त. आणि एवढे सारे होऊन काही उरलेच तर अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून पुष्कळ घरांत हा पाहुणा असाच, उरलेल्या पैशांतून येत आला असावा. अशा अंकात बसून पैशाविषयी लिहायचे म्हणजे यजमानाच्या ताटावर जेवून त्याच्याच घरखर्चाची चिकित्सा करण्यासारखे आहे. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण वहीला हळदकुंकू वाहतो. मग ती वही एकदा उघडून वाचायला हरकत नसावी.

माझा प्रश्न अर्थशास्त्राचा नाही, साहित्याचा आहे. पैसा कुठे सोडावा आणि कुठे धरावा, यावर मराठीत उपदेश उदंड आहे. थेंबे थेंबे तळे साचे, अंथरूण पाहून पाय पसरावे, या म्हणी आपण अक्षरओळखीच्या आधीपासून ऐकत आलो. समर्थांनी ‘दासबोधा’त संसारी माणसाचे जे चित्र काढले आहे, तेही याच प्रश्नाभोवती फिरते. पोरेबाळे वाढतात, लक्ष्मी पाय काढते, घरात खायला उरत नाही, आणि घरधनी दूरदेशी कमवायला निघतो. तीनशेहून अधिक वर्षे झाली तरी या चित्राचा रंग उडालेला नाही. मात्र हा सगळा उपदेश ज्याच्या हातात थैली आहे त्याला उद्देशून केलेला असतो. घरातला पैसा एका हाताने मिळतो, दुसऱ्या हाताने वाटला जातो आणि तिसऱ्याच्या तोंडचा घास काढून शिल्लक पडतो. ही शिल्लक कोणाच्या गरजेला कात्री लावून पडली, हे कोणतीच म्हण सांगत नाही. ते सांगणे साहित्याचे काम आहे. मराठी साहित्याने ते कितपत केले, एवढेच मला पाहायचे आहे.

हा विचार मनात आला तो गणेशपुरीला. भिवंडी तालुक्यातले, तानसा नदीच्या काठचे हे लहानसे गाव. भीमेश्वराच्या देवळालगत गरम पाण्याची कुंडे आहेत. १९३६ च्या सुमारास नित्यानंदबाबा येथे येऊन राहिले, ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या समाधीमुळे गावाला बारमाही वर्दळ आली. जवळच वज्रेश्वरी. वसईचा किल्ला हाती आला तर देवीचे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केल्याची हकीकत तिथे सांगतात. १७३९ मध्ये वसई पडली आणि देऊळ उभे राहिले. नवस हा व्यवहारात मोठा चोख प्रकार आहे: माल आधी, पैसे मागून!

ज्यांच्या अंगावर लंगोटीपलीकडे काही नसे, त्या बाबांच्या समाधीपुढे माणसे मुठी उघडतात. घरी विजेचे दिवे मालवीत हिंडणारा गृहस्थ इथे हार-पेढे घेताना घासाघीस करीत नाही. मला त्यात काही वावगे दिसत नाही. जिथे मन तिथे धन. पण कुंडाच्या वाटेवर, चहाच्या टपरीपाशी, एक कुटुंब बसले होते. कनवटीला पैसे आजीच्या. देवापुढे ठेवायचे वेगळे, एस.टी.चे वेगळे, नातवाच्या भिंगरीचे वेगळे, असे तिचे तीन कप्पे होते. माणसे सहा, आणि चहा सांगितले पाच. “मला नको रे, पित्त होतं,” आजी म्हणाली. कोणी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. मला भूक नाही, मला शिळेच आवडते, माझे जुने लुगडे अजून दोन वर्षे जाईल, ही सारी वाक्ये त्याच घराण्यातली. मराठी घरातली पहिली बचत या वाक्यांत होते, आणि ती कोणत्याही वहीत जमा होत नाही.

हे वाक्य ज्या पुस्तकाने घरोघर पोचवले ते ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला. हे पुस्तक आपण मातृप्रेमाचे म्हणून वाचतो आणि ते खरेही आहे. पण पुन्हा वाचताना मला ते पानोपानी पैशाचे पुस्तक वाटले. खोताचे एके काळचे भरलेले घर, मग कर्ज, मग जप्ती. सावकाराचा माणूस वसुलीला येऊन घरधन्याला टाकून बोलतो, तेव्हा एरवी सोशीक असलेली आई उसळते. त्यातले दिवाळीचे प्रकरण तर या अंकाच्या वाचकांना आठवत असेलच. नवऱ्याचे धोतर फाटून गेलेले. माहेरून भाऊबिजेचे पैसे येतात. आई स्वतःला काहीच न घेता त्या पैशांतून नवऱ्यासाठी नवे धोतर आणवते.

इथे आपले डोळे भरून येतात आणि वाचन थांबते. माझी तक्रार त्या थांबण्याशी आहे. ते पैसे कोणाचे होते? घराचे नव्हते, खोतीचे नव्हते, नवऱ्याच्या मिळकतीचे नव्हते. भावाने बहिणीला घातलेली ती ओवाळणी होती. कर्जाने खाल्लेल्या त्या घरात तिचे स्वतःचे म्हणता येईल असे नगद बहुधा तेवढेच. ते कुठे खर्चावे हे तिने कोणाला न विचारता ठरवले. आपण याला त्याग म्हणतो, पण त्या क्षणी ती घराची खजिनदार आहे. सावकाराने नागवलेल्या नवऱ्याची लाज चारचौघांत राहावी, हा तिच्या यादीतला पहिला खर्च. तो तिने निवडला, आणि त्या निवडीत अभिमान आहे. गुरुजींनी हा प्रसंग लिहिला म्हणून आपल्याला तो कळला. पण लिहिणारा मुलगा आहे, ज्याच्या वाट्याला सगळे आले तो. घेणाऱ्याने लिहिलेल्या हिशेबात देणाऱ्याची पूजा होते. देताना तिने मनाशी काय तोलले, याची नोंद राहत नाही. तिला स्वतःला काय हवे होते? बेचाळीस रात्रींच्या या कथेत याचे उत्तर फार थोड्या ठिकाणी डोकावते.

देणाऱ्या बाईनेच वही हाती घेतली तर काय होते, हे पाहायचे असेल तर ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक कवी, उदार, शीघ्रकोपी. हातात आलेला पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. दारी आलेला माणूस रिकामा जात नसे. घरातल्या पानांची संख्या आज किती होईल, हे चूल पेटवणारीला सांगता येत नसे. याच गोष्टी टिळकांच्या मुलाने किंवा शिष्याने लिहिल्या असत्या, तर एका दानशूर पुरुषाचे चरित्र झाले असते आणि पत्नीची ‘समर्थ साथ’ शेवटच्या पानावर आली असती. लक्ष्मीबाई तसे होऊ देत नाहीत. त्या भांडतात, युक्त्या करतात, चिडतात, आणि मग स्वतःवरच हसतात. टिळकांच्या उदारपणाची त्यांना खरी ओढ आहे, पुढे त्या स्वतःही परक्या मुलांना पोटाशी धरतात. पण त्या उदारपणाचे बिल कोणाच्या स्वयंपाकघरात येते, हे त्या एकदाही विसरू देत नाहीत. त्यांच्या विनोदाला धार आहे ती यामुळे. चिं. वि. जोशींचा चिमणराव कारकुनी पगारात घर चालवताना जी फजिती करून घेतो, तिला आपण पोट धरून हसतो. पण तिथे फजितीचा हिशेब फजीत होणारा गृहस्थच मांडतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तो मांडणारी वेगळी आहे, म्हणून हसता हसता आपण जरा सावरून बसतो.

तरीसुद्धा या दोन्ही पुस्तकांत एक सुख आहे: वही घराच्या उंबऱ्याआत आहे. ठाणे जिल्ह्याच्या ज्या मुलखात गणेशपुरी वसली आहे, तिथे हेही सुख कित्येकांना नव्हते. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्यातला मुलूख तलासरी, डहाणू, उंबरगावचा. यांपैकी उंबरगाव १९६० पासून गुजरातेत आहे आणि तलासरी-डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. तिथल्या वारली तरुणाला लग्नाला पैसे लागत. ते जमीनदाराकडून घ्यायचे आणि फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचे. याचे नाव ‘लग्नगडी’. नवी नवरीसुद्धा त्याच्याबरोबर कामाला जुंपली जाई. कर्ज किती आणि फिटले किती, हे मालकाच्या वहीत. आणि ती वही ज्याला वाचता येत नाही, त्याच्या आयुष्याचा ताळेबंद त्याच वहीत! १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, त्याला वारली गेले, आणि पुढे त्याच वर्षी त्यांचा लढा पेटला.

आता या लग्नगड्याला अंथरूण पाहून पाय पसरायला सांगा! लग्न करू नये म्हणावे, की बिनहळदीचे करावे म्हणावे? हा प्रश्न नवा नाही. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांची चौकशी झाली, तेव्हा शेतकरी लग्नकार्यांतल्या उधळपट्टीने बुडतो, हा साहेबी समज तयारच होता. पण सरकारी कमिशनलाच म्हणावे लागले की, या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच आरोपाचा खरपूस समाचार घेतला. शेतकऱ्याच्या घरच्या लग्नात पानात काय पडते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. गरिबाला काटकसर शिकवणाऱ्याने आधी त्याचे पान पाहावे, ही समीक्षेची दृष्टी मराठीत जोतीरावांनी आणली. गोदावरीबाईंच्या पुस्तकाचे मोल मला त्याच परंपरेत दिसते. त्यांचे पुस्तक लढ्याचे आहे. वारल्याच्या झोपडीत आलेली वाढीव मजुरी पुढे नवरा-बायकोंत कशी वाटली गेली, हा त्यांचा विषय नव्हे. पण खर्चाचा क्रम लावण्याचा हक्क ही चैन नाही, माणूसपणाची पहिली खूण आहे, हे त्यांनी पक्के दाखवले. वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा १९७६ साली झाला, आणि त्यानंतरही गणेशपुरीच्या शेजारच्या वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवण्यासाठी झगडावे लागले. म्हणजे ही गोष्ट आजोबांच्या काळची म्हणून मिटवता येत नाही.

सावकाराच्या बाजूने वही मिटवणारा एकच मोठा माणूस आपल्या आठवणीत आहे. दुष्काळ पाहिलेल्या तुकोबांनी घरच्या खतपत्रांपैकी अर्धी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, अशी कथा परंपरेने जपली आहे. तिच्याकडे आपण वैराग्याची कथा म्हणून पाहतो. मला ती हिशेबाची कथा वाटते, आणि चोख हिशेबाची. भावाचा वाटा त्याला दिला, दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही. आणि स्वतःच्या येण्यावर मात्र पाणी सोडले. खर्च आपल्या नावावर, सुटका दुसऱ्याच्या. आजीच्या न घेतलेल्या चहापासून हे फार दूर नाही. फरक इतकाच की तुकोबांच्या त्यागाची कथा झाली, आजीच्या चहाची झाली नाही.

ती व्हावी, एवढे मागणे मी आजच्या लेखकांपुढे ठेवते. गावोगाव बायकांचे बचत गट आहेत. पासबुकावर नाव तिचे, हप्त्याला सही तिची; पण कर्ज मुलाच्या दुचाकीला गेले, दिराच्या दुकानाला गेले, की तिच्या शिलाई यंत्राला, आणि हे ठरले तेव्हा चुलीपाशी कोण काय बोलले? यावर एक कादंबरी मी कधीची शोधते आहे. भाषणे, अहवाल पुष्कळ आहेत. लक्ष्मीबाईंचा विनोद, गुरुजींची माया आणि गोदावरीबाईंची रोखठोक नजर ज्या पुस्तकात एकत्र येतील, ते अजून लिहायचे आहे. ते लिहिले जाईपर्यंत वाचकांनी आपापल्या घरापुरते काम करावे. या लक्ष्मीपूजनाला वहीवर स्वस्तिक काढून झाले की, घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे या वर्षी काय खर्च पडला ते सवडीने पाहावे. आणि ज्या नावापुढची जागा कोरी असेल, तिथून पुढच्या वर्षाची यादी सुरू करावी.